रोमचं वार्तापत्र : चार पास्त्यांचं शहर

रोममध्ये जेवायचं तर घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागतं. दुपारी साडेबाराच्या सुमारास सुरू झालेलं स्वयंपाकघर तीनच्या आत बंद होतं आणि संध्याकाळी साडेसात-आठच्या आधी चूल पेटत नाही. ‘त्रात्तोरिया’ म्हणजे इथली साधी, बहुधा एकाच कुटुंबानं चालवलेली खानावळ. खायच्या पदार्थांची यादी एका पानात मावते आणि वारही पाळले जातात: गुरुवारी बटाट्याची न्योकी, शुक्रवारी मासे. पास्ता हा जेवणातला पहिला पदार्थ, ‘प्रीमो’. मांसमच्छी त्यानंतर येते आणि भाजी वेगळी मागवावी लागते.

टायबरकाठच्या टेस्टाचो भागात जा किंवा पलीकडे त्रास्तेवेरेत, यादीत चार नावं हमखास दिसतात: काचो ए पेपे, ग्रीचा, आमात्रिचाना आणि कार्बोनारा. ही चौघं एकाच घरातली आहेत. मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज आणि काळी मिरी एवढ्यावर काचो ए पेपे होतो. त्यात ‘ग्वांचाले’, म्हणजे मीठ-मिरीत मुरवून वाळवलेलं डुकराच्या गालाचं मांस घातलं की ग्रीचा. ग्रीचात टोमॅटो आला की आमात्रिचाना. टोमॅटोऐवजी अंडं आलं की कार्बोनारा. क्रीमला यांतल्या एकातही जागा नाही.

सगळ्यात अवघड आहे तो सगळ्यात साधा दिसणारा काचो ए पेपे. भरड कुटलेली मिरी कोरड्या तव्यात वास सुटेपर्यंत भाजतात आणि त्यावर पास्ता उकळत असलेलं पाणी पळीभर ओततात. या पाण्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो. सगळी किमया त्याची. पास्ता थोडा कच्चा असतानाच काढून या तव्यात शिजवतात, मग तवा आचेवरून उतरवून बारीक किसलेलं पेकोरीनो टाकतात आणि जोरजोरात हलवत राहतात. स्टार्चमुळे चीज आणि पाणी एकजीव होऊन दाट, चकचकीत रस धरतो. आच जरा जास्त राहिली तर चीजच्या गाठी होतात आणि त्या पुन्हा मोडत नाहीत. म्हणून हा पास्ता आधी करून ठेवता येत नाही. गिऱ्हाइकानं थांबायचं असतं. ताट समोर आलं की मात्र गप्पा बाजूला ठेवून लगेच खायचं.

पास्ता दाताला किंचित कणखर लागला पाहिजे, हा आग्रह इथे सार्वत्रिक आहे. त्याला गव्हाचाही आधार आहे. कोरडा पास्ता ड्युरम जातीच्या कडक गव्हाच्या रव्याचाच हवा, असा कायदा इटलीनं 1967 साली केला. या गव्हात प्रथिनं जास्त, त्यामुळे पास्ता शिजल्यावर लगदा होत नाही.

आमात्रिचानाला नाव दिलं ते रोमच्या ईशान्येकडच्या डोंगरातल्या आमात्रिचे गावानं. 24 ऑगस्ट 2016 च्या पहाटे भूकंपात हे गाव जमीनदोस्त झालं. त्या परिसरात जवळपास 300 माणसं गेली. त्यानंतर अनेक उपाहारगृहांनी विकलेल्या प्रत्येक आमात्रिचानामागे दोन युरो गावासाठी बाजूला काढले, एक गिऱ्हाइकाचा आणि एक मालकाचा. एखाद्या पदार्थानं आपल्या गावाचं ऋण असं फेडलेलं क्वचितच पाहायला मिळतं.

कार्बोनाराची गोष्ट वेगळी. तो प्राचीन वाटतो, पण दुसऱ्या महायुद्धाआधीच्या छापील पाककृतींत सापडत नाही. इटलीतल्या मासिकात 1954 साली आलेल्या कृतीत लसूण होता आणि चीज स्वित्झर्लंडचं ग्रुयेर. आज रोममध्ये असा कार्बोनारा कुणी पानात वाढणार नाही. पदार्थ किती जुना यापेक्षा तो रोज किती निष्ठेनं केला जातो, यावर परंपरा उभी असते. रोमनं हे स्वतःच्या ताटात सिद्ध केलं आहे.

महाराष्ट्रातून येणाऱ्या शाकाहारी पाहुण्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. काचो ए पेपेत मांस नाही, पण पेकोरीनो रोमानो बनवताना दूध फाडण्यासाठी कोकराच्या जठरातला अर्क वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी टोमॅटो-तुळशीचा पास्ता चीजशिवाय मागावा, आणि हंगाम असेल तर सोबत ज्यू वस्तीच्या पद्धतीनं तळलेले कुरकुरीत आर्टिचोक.

मध्यवस्तीत आता फोटोंच्या याद्या लावून, दारात उभं राहून गिऱ्हाईक बोलावणारी ठिकाणं वाढली आहेत. पर्यटकांनी दोन गल्ल्या आत जावं, शेजारीपाजारी जेवत असतील तिथे बसावं आणि पहिल्यांदा काचो ए पेपेच मागवावा. पास्ता, चीज आणि मिरी या तीन जिन्नसांत चूक लपत नाही. तो जिथे नीट जमतो, तिथे बाकीचं जेवणही निर्धास्तपणे मागवावं.