शिवला तो बाद नाही!

मंडळी, शिवाशिवी कोण खेळलेले नाही? ज्याच्यावर राज्य आले त्याने धावायचे, बाकीच्यांनी पळायचे, दमलेल्याने भोज्ज्याला हात लावून श्वास घ्यायचा आणि धाकटे भावंड मध्ये मध्ये करू लागले की त्याला ‘कच्चे लिंबू’ म्हणून खेळात घ्यायचे. मुलाला मिसरूड फुटले, मुलगी दहावीला गेली की हा खेळ सुटतो. पण विद्यापीठात शिकणारी वीस-बावीस वर्षांची मुले-मुली आठवडा आठवडाभर शिवाशिवी खेळतात असे सांगितले, तर तुम्ही काय म्हणाल? बापाच्या पैशावर काय हे धिंगाणे, असेच ना? थांबा, आधी खेळ तर ऐका.

ही हकिकत अमेरिकेतली. मेरीलँड राज्यात बाल्टिमोर शहराला लागून टाऊसन येथे गाउचर कॉलेज आहे. १८८५ साली ते केवळ मुलींसाठी निघाले. मुलांनाही तेथे प्रवेश द्यायचे ठरले ते १९८६ साली. तिथल्या विद्यार्थ्यांनी २००५ साली हा खुळा खेळ काढला आणि नाव ठेवले ‘ह्यूमन्स व्हर्सेस झोंबीज’, म्हणजे माणसे विरुद्ध झोंबी. झोंबी म्हणजे उठून चालू लागलेले मढे. इंग्रजी भुताटकीच्या चित्रपटांत त्यांची चलती असते. आपल्या मराठीत झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. या दोन शब्दांचे नाते काही नाही, पण खेळ असा आहे की दोन्ही अर्थ त्याला शोभतात.

ज्याला खेळायचे त्याने नाव नोंदवायचे आणि दंडाला रुमाल बांधायचा. हे सगळे ‘माणसे’. त्यांतल्याच एकाला गुपचूप पहिला झोंबी नेमतात. झोंबीची खूण म्हणजे डोक्याला बांधलेला रुमाल. पण या पहिल्याला सुरुवातीला ती सक्ती नसते. म्हणजे शेजारी बसून जेवणारा दोस्तच झोंबी निघायचा! त्याने ज्याला शिवले, तो थोड्या वेळाने झोंबी होतो, दंडावरचा रुमाल डोक्याला बांधतो आणि सकाळच्या सोबत्यांच्याच मागे लागतो. मात्र झोंबीने ४८ तासांत एकाला तरी शिवले पाहिजे, नाहीतर तो उपाशी मेला. लबाडी चालू नये म्हणून प्रत्येक माणसाजवळ आपल्या क्रमांकाची चिठ्ठी असते. शिवला गेला की ती मुकाट्याने हवाली करायची.

माणसाच्या हाती उपाय दोनच. एक पळणे, दुसरा, पायमोज्यांचा गोळा करून झोंबीला फेकून मारणे. गोळा लागला की झोंबी १५ मिनिटे थंड. फोमच्या गोळ्यांची खेळण्यातली बंदूकही वापरतात, तिच्याविषयी पुढे सांगतो. वर्ग, ग्रंथालय, भोजनगृह आणि राहत्या खोल्या हा भोज्जा. पण पोट आणि तास कोणाला चुकले आहेत? जेवायला जायचे तर मधले मैदान ओलांडावेच लागते आणि तिथे झाडाआड चौघे दबा धरून बसलेले! मग धावाधाव, घसरगुंडी, गवतात लोळण, फुटलेले गुडघे आणि कॉलेजचे आवार दणाणून सोडणारा आरडाओरडा.

जरा हिशेब करा. प्रत्येक झोंबीने दोन दिवसांत फक्त एकाला शिवले, तरी एकाचे दोन, दोनाचे चार असे करत सोळा दिवसांत २५६ होतात. गव्हावर तांबेरा पसरावा तसे! प्रत्यक्षात पोरे याहून चपळ असतात आणि खेळ त्याआधीच आटोपतो. सगळे शिवले गेले तर झोंबी जिंकले. सगळे झोंबी उपाशी मेले तर माणसे.

आता यातली खरी मेख पाहा. खो-खोत, आट्यापाट्यांत शिवलेला गडी बाद होतो आणि कडेला बसून इतरांचा खेळ पाहतो. इथे शिवलेला बाद होत नाही, पक्ष बदलतो. आपल्याकडची साखळी आठवा. शिवला गेला त्याने शिवणाऱ्याचा हात धरायचा, मग तिसऱ्याने दुसऱ्याचा, आणि साखळी लांबत जायची. त्यात स्थूल, हळू पळणारे पोरही शेवटपर्यंत खेळात राहते. या अमेरिकन खेळाचे मर्म तेच.

गाव सोडून शिकायला गेलेल्या पोराचे पहिले वर्ष कसे जाते, हे ज्यांची मुले राहुरीला, दापोलीला किंवा पुण्याच्या वसतिगृहात आहेत त्यांना ठाऊक आहे. शेजारच्या खोलीत कोण राहतो याचा महिना महिना पत्ता नसतो. घरी फोनवर पोर ‘बरे आहे’ म्हणते आणि गप्प होते. या खेळात एकट्याने बाहेर पडणे म्हणजे शिवले जाणेच. मग दाराशी दंडाला रुमाल बांधलेले पाच-सहा अनोळखी चेहरे जमतात, एकमेकांची नावे विचारतात आणि मिळून जेवायला निघतात. ओळख करून देण्याच्या सभा-समारंभांपेक्षा मला हे काम पक्के वाटते.

बंदुकीचे मात्र मला पटत नाही. १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात एका माथेफिरू विद्यार्थ्याने गोळीबार करून ३२ जणांचे प्राण घेतले. त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. असे घडल्यावर बंदूक घेऊन पळणारे पोर लांबून पाहिले, की पाहणाऱ्याचे काळीज हलणारच. खेळण्यातली बंदूक खरी समजून पोलिसांना बोलावण्याचे प्रसंगही आले. मग बंदुका भडक रंगाच्याच हव्यात, वर्गात त्या दिसता कामा नयेत, असे नियम आले; काही ठिकाणी तर नुसते पायमोजेच ठेवले. खेळ त्याने काही कमी रंगत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पोरे घरी आली की वाडीवरही हा डाव मांडता येईल. खर्च म्हणजे जुने रुमाल आणि विटके पायमोजे. ४८ तासांऐवजी एक तास धरा आणि पंधरा मिनिटांऐवजी दोन. सीमा आधीच आखून द्या. विहीर, विजेचा पंप, कडब्याची गंजी आणि उभे पीक यांच्याकडे फिरकायचे नाही. अंधार पडला की खेळ बंद, कारण बांधावर विंचूकाट्याचे भय असते. बांधलेल्या जनावरांमधून पळू नये, एखादे बुजले तर लाथ बसायची. मुलींना वेगळे काढू नका. चपळाईत त्या मुलांना भारी पडतात. कच्च्या लिंबाला तेवढे दोनदा शिवल्याशिवाय झोंबी करू नये.

भोज्जा म्हणून आजीचा ओटा उत्तम. फक्त तिला बजावून ठेवा, की ओट्यावर आलेल्याला लगेच चिवड्याची बशी द्यायची नाही. नाहीतर माणसे आणि झोंबी दोन्ही तिथेच फतकल मारतील आणि धावायला कोणी उरणार नाही.