लंडनची बस : किफायत कोणाची?

१७ डिसेंबर १९८१ रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधील पाच न्यायमूर्तींनी एका विशेषणाचा अर्थ लावला, आणि पुढच्या मार्च महिन्यात लंडनच्या बसचे व भुयारी रेल्वेचे भाडे जवळजवळ दुप्पट झाले. ते विशेषण होते ‘इकॉनॉमिक’. लंडनला ‘एकात्म, कार्यक्षम आणि इकॉनॉमिक’ वाहतूक मिळावी ही जबाबदारी १९६९ च्या कायद्याने ग्रेटर लंडन कौन्सिलवर टाकली होती. मराठीत या शब्दाला ‘किफायतशीर’ हा प्रतिशब्द चालू शकेल. परंतु मूळ शब्दातील संदिग्धताही त्याच्याबरोबर येईल. शेतकरी ‘किफायतशीर भाव’ मागतो तेव्हा खर्च वजा जाता चार पैसे गाठीला राहावेत, एवढीच त्याची अपेक्षा असते. दुकानदार ‘किफायतशीर दर’ अशी पाटी लावतो तेव्हा तो गिऱ्हाइकाच्या खिशाचा विचार करीत असतो, निदान तसे भासवीत असतो. विकणाऱ्याची किफायत आणि घेणाऱ्याची किफायत एकाच शब्दात नांदतात. लंडनच्या बसव्यवस्थेची गेल्या साडेचार दशकांची वाटचाल पाहिली, तर तिच्या बहुतेक वळणांवर या दोन अर्थांमधलाच झगडा आढळतो.

१९८१ च्या मे महिन्यात मजूर पक्षाने कौन्सिलची निवडणूक जिंकली. नेतेपद केन लिव्हिंग्स्टन यांच्याकडे आले आणि ऑक्टोबरमध्ये वचननाम्याप्रमाणे भाडे जवळजवळ एकतृतीयांशाने उतरले. तूट भरून काढण्यासाठी घरपट्टीत मूल्यांकनाच्या दर पौंडामागे ६.१ पेन्सची वाढ करण्यात आली. लंडनच्या आग्नेय कडेला असलेल्या ब्रॉम्ले या उपनगराची परिषद हुजूर पक्षाच्या हाती होती. ती कोर्टात गेली. ब्रॉम्लेत भुयारी रेल्वेचे एकही स्थानक नाही. मग तेथील घरमालकाने त्या रेल्वेचा तोटा का सोसावा, हा तिचा प्रश्न होता. अखेरीस लॉर्डांनी एकमताने ब्रॉम्लेच्या बाजूने निकाल दिला. कौन्सिल ही करदात्यांच्या पैशांची विश्वस्त आहे, आणि वाहतूक ‘इकॉनॉमिक’ असावी असे कायदा म्हणतो तेव्हा जाणूनबुजून तूट ओढवून घेण्याला त्यात जागा नाही, असे त्या निकालाचे थोडक्यात सार.

ब्रॉम्लेची तक्रार निव्वळ पक्षीय होती असे म्हणून ती उडवून लावता येणार नाही. घरपट्टीचा मोठा वाटा त्या काळी व्यापारी आस्थापनांकडून येई, आणि आस्थापनांना मत नव्हते. उलट मत देणाऱ्यांपैकी पुष्कळांना घरपट्टीचे बिल कधी थेट येतच नव्हते. पैसे एकाने द्यायचे आणि निर्णय दुसऱ्याने करायचा, ही व्यवस्था कोणत्याही लोकशाहीत कुरबुरीला कारण होणारच. पण लॉर्डांनी शब्दाचा जो अर्थ घेतला तो वाण्याच्या खतावणीतला होता. अर्ध्या रिकाम्या बसमध्ये आणखी एक उतारू चढला तर डिझेल, चालकाचा पगार, गाडीची झीज यांत दिडकीचाही फरक पडत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत त्या उतारूचा सीमांत खर्च जवळपास शून्य असतो. तो आपली मोटार घरी ठेवून आला असेल, तर रस्त्यावरच्या इतर सर्वांचा वेळ वाचतो. त्या सर्वांत ब्रॉम्लेचे मोटारवालेही आले. ही बचत कोणत्याही तिकिटावर छापलेली नसते, म्हणून ती हिशेबात धरली जात नाही.

भाडे दुप्पट झाल्यावर उतारू कमी झाले हे सांगायला नकोच. कौन्सिलने मग कायद्याच्या चौकटीत बसेल असा रीतसर आराखडा तयार केला. कोर्टाने तो मान्य केला आणि १९८३ च्या मे महिन्यात भाडे पुन्हा सुमारे पाव हिश्शाने खाली आले. त्याच वेळी बस आणि भुयारी रेल्वे या दोहोंना चालणारा ‘ट्रॅव्हलकार्ड’ हा पास निघाला. कौन्सिल ३१ मार्च १९८६ रोजी बरखास्त झाले. पास मात्र टिकला.

कौन्सिल बुडाले ते मार्गारेट थॅचर यांच्या कारकीर्दीत. त्यांच्या सरकारचे बसविषयीचे मत सरळ होते: बस हा धंदा आहे आणि धंद्यात स्पर्धा हवी. १९८५ च्या कायद्याने २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेरच्या ब्रिटनमध्ये बसधंदा खुला झाला. बेचाळीस दिवसांची सूचना द्यावी आणि हव्या त्या मार्गावर, हव्या त्या वेळी, हव्या त्या भाड्याने गाडी चालवावी. जे मार्ग कोणालाच नको असतील, पण लोकांना लागतील, तेवढ्यांसाठी नगरपरिषदांनी आपल्या तिजोरीतून पैसे मोजून निविदा काढाव्यात. म्हणजे साय कंपन्यांनी खावी आणि ताक परिषदेने विकत घ्यावे. मँचेस्टरसारख्या शहरांत मोक्याच्या रस्त्यांवर एकामागोमाग एक बस धावू लागल्या आणि गल्लीबोळांतल्या, रात्रीच्या, रविवारच्या फेऱ्या आटत गेल्या. एका कंपनीचे तिकीट दुसरीला चालेना.

हा प्रकार लंडनला अपरिचित नव्हता. जॉर्ज शिलिबीर याने १८२९ च्या जुलै महिन्यात पॅडिंग्टनहून बँक ऑफ इंग्लंडपर्यंत तीन घोड्यांची पहिली ‘ऑम्निबस’ चालवली, तेव्हा पूर्ण फेरीचे भाडे एक शिलिंग होते आणि साध्या कारकुनाला ते रोज परवडण्यासारखे नव्हते. पुढे स्पर्धेने भाडी उतरली, पण त्याच स्पर्धेचे दुसरे रूप १९२० नंतरच्या दशकात दिसले. जनरल कंपनीची बस येण्याच्या मिनिटभर आधी थांब्यावर पोचायचे, उतारू उचलायचे आणि पुढे गर्दी नाही असे दिसताच गाडी अर्ध्या वाटेतून वळवायची, असे करणाऱ्या गाड्यांना लंडनकर ‘चाच्यांच्या बस’ म्हणत. १९२४ च्या कायद्याने त्यांना वेसण घातली आणि १९३३ मध्ये बस, ट्राम व भुयारी रेल्वे एकाच सार्वजनिक मंडळाकडे सोपवण्यात आल्या. त्या योजनेचा मूळ मसुदा मजूर पक्षाचे हर्बर्ट मॉरिसन यांचा. ती मंजूर केली मात्र हुजुरांचे बहुमत असलेल्या राष्ट्रीय सरकारने. त्या पिढीतल्या हुजुरांना रस्त्यावरच्या चाच्यांची आठवण ताजी होती, एवढाच याचा अर्थ.

लंडनलाही यथावकाश १९८६ चे औषध पाजण्याचा सरकारचा विचार होता. तो लांबत गेला आणि १९९३ मध्ये गुंडाळला गेला. दरम्यान, १९८५ पासूनच, लंडनमध्ये एक वेगळा प्रयोग सुरू झाला होता: रस्त्यावर स्पर्धा नाही, रस्त्यासाठी स्पर्धा. मार्ग कोठून कोठे जावा, किती मिनिटांनी गाडी सुटावी, भाडे किती असावे, गाडीचा रंग कोणता, हे सारे सार्वजनिक संस्था ठरवते. २००० सालापासून हे काम महापौरांच्या अधिपत्याखालील ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ करते. ठरलेला मार्ग ठरलेल्या वेळापत्रकाने चालवायला काय घ्याल, एवढेच कंपन्यांना विचारले जाते. ज्याला तो मक्ता मिळतो त्याला ठरलेली रक्कम मिळते. तिकिटांचे पैसे संस्थेच्या तिजोरीत जातात. त्यामुळे दुसऱ्याच्या पुढे जाऊन उतारू पळवण्यात कोणाचाच फायदा उरत नाही. १९९४–९५ मध्ये सरकारी बसकंपन्या विकल्या गेल्या, तरी थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागला नाही. गाडी लालच होती आणि पास तोच चालत होता. गंमत अशी की या ‘खाजगी’ कंपन्यांपैकी काही पुढे अनेक वर्षे फ्रेंच, जर्मन आणि डच सरकारांच्या मालकीच्या वाहतूकसंस्थांकडे होत्या. ब्रिटिश सरकारने बस चालवू नये, एवढाच खाजगीकरणाचा अर्थ तेथे उरला.

या मक्त्यांतील एक तरतूद मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ज्या मार्गावर तासाला पाच किंवा अधिक गाड्या असतात, तेथे गाडी घड्याळाप्रमाणे आली की नाही यापेक्षा, उतारूला वेळापत्रकाच्या हिशेबाहून किती जास्त ताटकळावे लागले, हे मोजले जाते. दर दहा मिनिटांनी बस येत असेल तर थांब्यावर केव्हाही आलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच सहा गाड्या जोडीजोडीने दर वीस मिनिटांनी आल्या, तर गाड्यांची संख्या तीच राहते, सरासरी प्रतीक्षा मात्र दहा मिनिटे होते. हा फरक २००१ पासून मक्तेदाराच्या बिलात उतरला. प्रतीक्षा घटली तर बक्षीस, वाढली तर कपात. म्हणून लंडनची बस कधी कधी थांब्यावर विनाकारण उभी राहते आणि गाड्यांमधील अंतर सारखे राखण्यासाठी थांबलो आहोत, अशी घोषणा होते. आतले उतारू चडफडतात. पुढच्या थांब्यांवर जे उभे आहेत, त्यांना ही आपल्यासाठी केलेली किफायत आहे हे कळण्याचा मार्ग नसतो.

१९८५–८६ मध्ये लंडनच्या बसमधून वर्षाला सुमारे ११५ कोटी प्रवास होत. २०१३–१४ पर्यंत हा आकडा २४० कोटींच्या आसपास पोचला. त्याच काळात इंग्लंडच्या इतर महानगरी विभागांतील बसप्रवास निम्म्यावर आला. याचे सगळे श्रेय निविदापद्धतीला देणे अशास्त्रीय होईल. लंडनची लोकसंख्या वाढली, मध्यवर्ती भागात मोटार आणणाऱ्यावर २००३ पासून गर्दीशुल्क बसले आणि बसला अनुदानही भरपूर मिळाले. तरीही हेच अनुदान मँचेस्टरला दिले असते तर ते कोणत्या वेळापत्रकावर खर्च झाले असते, हा प्रश्न उरतो. कारण तेथे कोणाच्याच हाती संपूर्ण वेळापत्रक नव्हते.

मक्त्याच्या या गणिताची किंमत चालकाने मोजली. मार्ग ठरलेला, गाड्यांची संख्या ठरलेली, इंधनाचा भाव सर्वांना सारखा. मग निविदेत कमी आकडा टाकायचा तो मुख्यतः पगारातून आणि कामाच्या तासांतून. एकाच रस्त्यावर, एकाच रंगाची बस, सारख्याच गर्दीतून हाकणाऱ्या दोघा चालकांना केवळ कंपनी वेगळी म्हणून वेगवेगळे वेतन मिळू लागले. २०१५ च्या जानेवारी व फेब्रुवारीत चालकांनी संप केले, तेव्हा सर्व कंपन्यांत समान वेतन ही त्यांची मागणी होती. २०२० च्या साथीत लंडनचे कित्येक बसचालक दगावले. त्या वर्षी २० एप्रिलपासून चालकाजवळचा पुढचा दरवाजा उतारूंसाठी बंद झाला. मधल्या दारातून चढायचे आणि भाडे द्यायचे नाही, अशी व्यवस्था काही काळ करावी लागली. ज्यांना घरी बसून काम करता येत नव्हते अशी रुग्णालयातील, सफाईची, दुकानांतील माणसे त्याही दिवसांत बसनेच जात होती.

भाड्याचे धोरण याच माणसांशी जोडलेले आहे. लंडनच्या बसला अंतराप्रमाणे भाडे नाही. पहाटे चारला कचेऱ्या झाडण्यासाठी दूरच्या उपनगरातून येणारी बाई आणि दोन थांबे जाणारा पर्यटक सारखेच पैसे देतात. २०२३ मध्ये ते १.७५ पौंड होते. पूर्वी गाडी बदलली की दुसरे भाडे पडे. स्वस्त घर दूर असते, दूरच्या घराहून थेट बस नसते, आणि म्हणून हा दुसऱ्या तिकिटाचा भुर्दंड नेमका गरिबावर बसे. २०१६ च्या सप्टेंबरपासून तासाभरात एकदा आणि २०१८ पासून कितीही वेळा बस बदलली तरी एकच भाडे पडू लागले. १९८१ च्या अर्थाने पाहिले तर यात पदरमोडच आहे.

२०१४ नंतर मात्र लंडनच्या बसचा वेग कोंडीमुळे मंदावला, उतारू घटू लागले, आणि साथीने तिजोरी रिती केली. २०२२ मध्ये मध्यवर्ती भागातील अनेक मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव आला. लोकांच्या विरोधानंतर त्यातले बहुतेक मार्ग वाचले. अनुदान कोठून आणायचे, हा १९८१ चा प्रश्न सुटलेला नाही.

दरम्यान मँचेस्टरने लंडनची वाट धरली. २०१७ च्या कायद्याने दिलेला अधिकार वापरून तेथील महापौर अँडी बर्नम यांनी मार्ग, भाडे आणि वेळापत्रक परत सार्वजनिक हाती घेतले. बसकंपन्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. २४ सप्टेंबर २०२३ रोजी पहिल्या पिवळ्या बस निघाल्या. ५ जानेवारी २०२५ रोजी संपूर्ण महानगर नव्या व्यवस्थेखाली आले. ब्रॉम्लेत भुयारी रेल्वेचे स्थानक अजूनही नाही. तेथल्या थांब्यांवर येते ती लाल बस, आणि ब्रॉम्लेचे नागरिक तिच्यात लंडनमधल्या इतर कोणाही इतकेच भाडे देऊन चढतात.