तीस मिलिअँपिअर

बोर्ड उघडला की तो आधी वास घेतो. स्क्रू काढून झाकण बाजूला करतो, स्विचांच्या मागे नाक नेतो आणि थोडा वेळ तसाच थांबतो. टेस्टर, मल्टिमीटर, मेगर पिशवीतून नंतर निघतात. सैल राहिलेली जोडणी तापत गेली की बेकलाइट आणि वायरचं आवरण आतल्या आत भाजत राहतं, आणि त्याला कुजलेल्या मासळीसारखा वास येतो. घरातल्यांना वाटतं, उंदीर मेला असेल. माळा झाडला जातो, फडताळं रिकामी होतात. दुसऱ्या दिवशी गिझर लावला की वास परत येतो.

आमच्या नात्यातल्या एका घरी या माणसाने नवा गिझर जोडायला नकार दिला होता, तेव्हापासून तो माझ्या लक्षात राहिला. न्हाणीघरात पॉइंट होता, गिझर खोक्यातून काढून ठेवला होता, पैसे द्यायला घरची माणसं तयार होती. याने टेस्ट लॅम्पची एक तार फेजला धरली, दुसरी सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब लागला नाही. “अर्थिंग आलेलंच नाही. ते झाल्याशिवाय मी जोडणार नाही,” एवढं सांगून तो निघून गेला. संध्याकाळी दुसऱ्या कुणीतरी येऊन गिझर जोडून दिला. कामाला नाही म्हणणारा हा कारागीर काम कसं करतो, ते मला बघायचं होतं. म्हणून त्याची परवानगी घेऊन मी सांगलीच्या गावभागातल्या एका जुन्या घरात त्याच्याबरोबर गेले.

खाली आजी एकट्या राहतात, वर भाडेकरू. दोन मजल्यांना दोन मीटर. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत कृष्णेचं पाणी या घरात आलेलं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पाण्याची रेघ स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजून दिसते. आजींनी रंग देताना ती मुद्दाम राखली आहे. बैठकीतले सगळे बोर्ड त्या रेघेच्या खाली होते. पाणी ओसरल्यावर कुणीतरी येऊन स्विच बदलले, नव्या पांढऱ्या प्लेटा बसवल्या. भिंतीतल्या पाइपांना मात्र कुणी हात लावला नव्हता. याने एका बोर्डातून वायर ओढून पाहिली. ती हलेना. जोर लावल्यावर निघाली ती वाळलेल्या गाळाने माखलेली, आणि टोकाचं तांबं हिरवं पडलेलं.

आता मेगर. हे यंत्र वायरवर ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरणातून किती गळतंय ते दाखवतं. त्याआधी घरातला प्रत्येक दिवा होल्डरमधून काढायचा, टीव्ही, फ्रिज, मिक्सर सगळं सोडवायचं, न्यूट्रल वेगळा करायचा. या तयारीतच बराच वेळ गेला. चांगल्या वायरिंगचा आकडा एक मेगओमच्या खाली जाता कामा नये. बैठकीच्या सर्किटने दाखवला शून्य पूर्णांक दोन. “भिंत ओली असताना हात लावला की झिणझिण्या येतात का ओ आजी?” त्याने विचारलं. आजी म्हणाल्या, “पावसाळ्यात येतात. मला वाटलं, वयामुळे.”

हे उत्तर मी अजून विसरू शकत नाही. पुसलेल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहणाऱ्या बाईला भिंतीतून झटका येतो आणि ती तो आपल्या वयाच्या खाती घालते. विजेचा धक्का लागून देशात दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं मरतात. मोडकळलेले खांब, लोंबणाऱ्या तारा, शेतातले पंप यांच्याबद्दल आपण वाचतो. घरातल्या भिंतीबद्दल क्वचितच बोललं जातं.

मीटरशेजारच्या पेटीत एमसीबींच्या रांगेत एक जाड स्विच होता, आरसीसीबी. त्यावर छापलेलं: ३० एमए. पेटीचं झाकण उघडून त्याने आधी वास घेतला आणि मग बोट दाखवलं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी त्या स्विचला बगल देऊन थेट पुढे गेल्या होत्या. स्विच नुसता शोभेला उरला होता.

“आजी, हे कुणी डायरेक्ट केलंय?”

“ते सारखं पडायचं रे. मागच्या वर्षी एकाला बोलावलं, त्याने पाच मिनिटांत नीट करून दिलं. त्यानंतर एकदाही पडलं नाही.”

“पडत होतं म्हणजे काम करत होतं की ओ.”

तीस मिलिअँपिअर हा आकडा मी त्या दिवशी त्याच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकला. आजींना, हेल्पर पोराला, फोनवर आजींच्या मुलाला. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. दोन्हींत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट दुसरीकडून, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत चाललाय, असं धरून हा स्विच क्षणार्धात पडतो. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर ओढतो. नऊ वॅटचा एलईडीसुद्धा किमान चाळीस ओढतो. माणूस मरायला एका एलईडी दिव्याएवढाही करंट लागत नाही, हे मला त्या पेटीसमोर उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं.

एमसीबी आहे की, मग याची गरज काय, असं मुलाने फोनवर विचारलं. त्याला उत्तर मिळालं तेही आकड्यातच. घराचं अर्थिंग दहा ओहमचं असलं आणि गिझरच्या अंगात फेज उतरला, तर २३० व्होल्टला २३ अँपिअर वाहतील. मेनचा एमसीबी ३२ चा. त्याच्या लेखी २३ अँपिअर म्हणजे नेहमीचा लोड. तो पडणारच नाही. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. “तीस मिलिअँपिअर, साहेब,” तो फोनमध्ये म्हणाला, “बत्तीस अँपिअर नाही.”

मग त्याने आजींना असा प्रश्न विचारला, जो आधीच्या कुणीच विचारला नव्हता. ते पडायचं कधी? आजी क्षणभरही अडखळल्या नाहीत. “दिवेलागणीला. जिन्यातला दिवा लावला की.”

तो उठला आणि जिन्याकडे गेला. होल्डर उघडून टेस्टर, टेस्ट लॅम्प, मग कंटिन्युइटी, असं क्रमाने तपासत दुपार उलटली. उलगडा झाला तो असा: जिन्याच्या दिव्याचा फेज खालच्या मीटरचा होता आणि न्यूट्रल वरच्या. वायर वाचावी म्हणून कुणीतरी जवळचा न्यूट्रल उचलला होता. दिवा लावला की करंट खालून जायचा आणि वरच्या मजल्याने परतायचा. खालच्या आरसीसीबीला चाळीसेक मिलिअँपिअरचा फरक दिसायचा आणि तो बरोबर पडायचा. बिचारा स्विच सांगत होता ते खरं होतं. त्यालाच गप्प केलं गेलं. आणि हे नुसतं पडण्या-न पडण्यापुरतं नव्हतं. वरच्या मजल्यावर काम करणाऱ्याने आपला मेन पाडून न्यूट्रल सोडवला असता, तर जिन्याच्या दिव्यातून आलेला खालचा फेज त्याच्या हातात उतरला असता.

पाच मिनिटांत ‘नीट’ करून देणारा तो माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. बाजार त्याला पाच मिनिटांचेच पैसे देतो. आपल्याकडे वायरिंगचा भाव पॉइंटवर ठरतो: दिव्याचा पॉइंट, पंख्याचा पॉइंट, पॉवर पॉइंट. दिसतं त्याचे पैसे. मेगर लावून बघणं, चुकीचा न्यूट्रल शोधणं, अर्थिंगचा खड्डा, यांतलं काहीच पॉइंटमध्ये बसत नाही. भाव करताना घासाघीस होते तीही पॉइंटवर, आणि कमी भावात काम घेतलेला माणूस ती कसर न दिसणाऱ्या जागी काढतो. अर्थची हिरवी वायर टाकलीच नाही, तरी पंखा तितकाच फिरतो.

याच्याकडे आयटीआयचं वायरमन ट्रेडचं, दोन वर्षांचं प्रमाणपत्र आहे आणि राज्य शासनाचा परवाना. (महावितरणचे वायरमन वेगळे; हा खासगी.) केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम सांगतात की दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांची साधी अदलाबदल सोडली, तर घरातलं विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराने, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं. इतक्या वर्षांत परवाना दाखव असं किती जणांनी म्हटलं, असं मी विचारलं. “भाव विचारतात,” तो म्हणाला. गॅसच्या शेगडीला नळी जोडणाऱ्याला आपण कंपनीचा माणूस आहे का म्हणून विचारतो. भिंतीत २३० व्होल्ट सोडणाऱ्याला तो चौकातल्या दुकानासमोर उभा होता एवढ्या ओळखीवर घरात घेतो.

काम ठरलं ते असं. खालच्या मजल्याच्या जुन्या वायरी सगळ्या बाहेर. दिव्यांना दीडची तांब्याची वायर, प्लगना अडीचची, गिझरला चारची, आणि प्रत्येक ठिकाणी हिरवी अर्थ. बोर्ड सगळे पुराच्या रेघेच्या वर. पाइप फरशीतून न नेता छताकडून खाली उतरवायचे; फरशीतल्या पाइपात पाणी आणि गाळ साचून राहतो, वरून उतरवलेल्या पाइपातलं पाणी पूर ओसरला की उतरून जातं. रेघेच्या खाली एकही सॉकेट ठेवायचा नाही, फ्रिजचासुद्धा नाही, यावर आजींचं आणि त्याचं थोडं वाजलं. फ्रिजचा प्लग काढायला स्टुलावर चढायचं का, असं त्यांचं म्हणणं. शेवटी फ्रिजसाठी हाताला येईल असा वेगळा स्विच ठेवायचं ठरलं, तोही रेघेच्या वरच.

झिरी मारणं, पाइप बसवणं, स्प्रिंग घालून वायर ओढणं हे काम पुढे चालत राहिलं. मी मधूनमधून जात होते. परसात अर्थिंगचा खड्डा खणला तेव्हा मात्र बसून राहिले. काळी माती, खाली गेल्यावर ओली. त्यात भोकं पाडलेला जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरलं, वर पाणी ओतायला नरसाळं. हेल्पर पोरगा कोळसा फोडता फोडता म्हणाला, हे मातीत जातंय, याचे पैसे द्यायला लोक नाराज असतात. जोडणी झाल्यावर याने टेस्ट लॅम्पची एक तार फेजला आणि दुसरी नव्या अर्थला धरली. शंभरचा बल्ब लख्ख पेटला, न्यूट्रलवर पेटतो तसाच. “आजी, उन्हाळ्यात माती भेगाळते. आठवड्याला दोन बादल्या ओतायच्या, विसरायचं नाही.”

नव्या वायरिंगवर मेगरचा काटा दोनशेच्या पुढे गेला. आरसीसीबीमधून वायरी नीट फिरवल्या, आणि त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण आजींकडून दाबून घेतलं. खट्कन पडला. महिन्यातून एकदा हे बटण दाबायचं आणि पडला नाही तर त्याच दिवशी फोन करायचा, हे त्याने आजींकडून दोनदा वदवून घेतलं. निघण्यापूर्वी प्रत्येक नवा बोर्ड त्याने पुन्हा उघडला. गिझर अर्धा तास चालू ठेवून त्याचाही बोर्ड उघडला आणि तिथे नाक नेलं.

जिन्याचा दिवा त्याने सोडवून ठेवला आहे. त्याचा न्यूट्रल खालून आणायचा तर वायर भाडेकरूंच्या पॅसेजमधून जाते, आणि ते गावाला गेलेले. ते रविवारी आले की वरचाही बोर्ड उघडून, मेगर लावून बघायचा आहे. वरच्या मीटरला आरसीसीबी मुळातच नाही. तो बसवायचा खर्च घरमालकाचा की भाडेकरूचा, यावर आजींचा मुलगा आणि भाडेकरू यांचं फोनवर बोलणं चालू आहे. आजींनी मुलाला सांगितलंय, निम्मे मी देते, पण रविवारीच बसव.