अर्ध्या किमतीचे क्रीम, घरचे लोणी

'लोणकढी' हा शब्द आपण थापेला चिकटवला, हा खऱ्या लोणकढ्या तुपावर मोठाच अन्याय आहे. दिवाळीच्या तोंडावर तुपाचा भाव विचारून दुकानातून तशाच परत फिरलेल्या गृहिणीला तो चांगला जाणवतो. आमच्यासारख्या निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात फराळाची यादी करावयास बसले, की पहिली काट बसते ती तुपावर. सायीवर भिस्त ठेवावी, तर टोन्ड दुधात स्निग्धांश असतो शेकडा ३. दोन माणसांच्या घरी येणाऱ्या अर्ध्या लिटरात तो भरतो अवघा १५ ग्रॅम, आणि तोही सगळा सायीत उतरत नाही. एवढ्यावर महिनाभरात गोळा तो कितीसा जमणार?

मी यावर जो उपाय करते तो साधा आहे. मोठ्या दुकानांतून तारीख जवळ आलेले क्रीमचे पुडे पुष्कळदा उतरत्या भावाने काढतात. ओळखीचा डेअरीवाला उरलेले सुटे क्रीमही केव्हा केव्हा कमी दरात देतो. ते आणावे आणि घरी लोणी काढावे. मात्र तारीख जवळ आलेले आणि तारीख उलटलेले यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. उलटलेले फुकट मिळाले तरी घेऊ नये. फुगलेला पुडाही दुकानातच राहू द्यावा.

भाव कशाचा करावयाचा?

'अर्धी किंमत' ही पाटी वाचून हरखून जाण्याआधी पुडा उलटा करून पाहावा. पैसे मोजावयाचे ते स्निग्धांशाचे. बाकीचे बहुतेक पाणीच. खाण्याच्या लोण्यात शेकडा ८० तरी स्निग्धांश लागतो. म्हणजे शेकडा ४० स्निग्धांशाच्या २ किलो क्रीमचे, फार तर १ किलो लोणी होणार. त्या क्रीमचा दर लोण्याच्या दराच्या निम्म्याहून खाली असेल तरच आपला फायदा. माझ्या हिशेबाच्या वहीप्रमाणे अशा १ किलो क्रीममागे ४६० ग्रॅमच्या आसपास लोणी आणि ते कढवल्यावर ३६५ ग्रॅमच्या आसपास तूप पदरात पडते. तेव्हा तुपासाठी घ्यावयाचे तर क्रीमचा दर तुपाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरलेला हवा. एरवी तयार तूप आणलेले काय वाईट?

दोन प्रकारचे पुडे लोण्यासाठी घेऊच नयेत. शेकडा २५ स्निग्धांशाचे, होमोजिनाइज केलेले पातळ क्रीम खिरीला उत्तम, पण त्यातले स्निग्धकण यंत्रात दाबून इतके बारीक केलेले असतात, की घुसळताना ते एकमेकांना सहजी चिकटत नाहीत. मिक्सर तापतो आणि हाती फेस लागतो. दुसरे, केकवर लावतात ते वनस्पती तेलाचे व्हिपिंग क्रीम. ते दुधाचे नव्हेच! जन्मभर घुसळले तरी त्यातून लोणी निघावयाचे नाही.

घुसळण

क्रीम गार असावे, पण बर्फगार नको. बारा-तेरा अंशांवर काम झटपट होते. फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवले की पुरते. फार गार असले तर नुसते फेसते, कोमट असले तर लोणी तेलकट होते आणि बरेचसे ताकातच राहते. भांडे निम्मेच भरावे. आधी फेस येतो, मग क्रीम घट्ट होते, मग एकाएकी आवाज बदलतो आणि मोहरीएवढे, ज्वारीएवढे कण दिसू लागतात. तेथेच थांबावे. अधिक फिरवले, की ताक लोण्यात कोंडले जाते.

जुन्या घरांतली चव हवी असेल तर चमचाभर दही घालून क्रीम आठ-दहा तास विरजावे, मग गार करून घुसळावे. न विरजलेल्या क्रीमचे लोणी गोडसर लागते. त्याचे ताकही आंबट नसते. कणीक भिजवावयास ते फार छान! गोळा पांढरा निघाला तर शंका घेऊ नये. म्हशीच्या दुधाचे लोणी पांढरेच असते. गाईच्या लोण्याला कॅरोटिनचा पिवळेपणा येतो.

लोण्यातले पाणी

खरी मेख पुढेच आहे. लोणी नासते ते बहुधा त्यात अडकलेल्या ताकामुळे. त्या बारीक थेंबांत दुधातली साखर आणि प्रथिने असतात आणि जंतूंची मेजवानी तेथेच चालते. म्हणून गार, उकळून निवविलेल्या पाण्याने गोळा दोन-तीनदा, पाणी नितळ निघेपर्यंत धुवावा आणि मग लाकडी डावाने दाबून दाबून सारे पाणी काढावे. या कामात आळस केला, की चौथ्या दिवशी वास सांगतोच.

मीठ घालावयाचे तर ५०० ग्रॅमला १० ग्रॅम पुरे. एवढ्याशा मिठाने काय होणार, असे वाटेल. पण मीठ स्निग्धांशात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. चांगल्या मळलेल्या ५०० ग्रॅम लोण्यात पाणी असते ८० ग्रॅमच्या आसपास. त्या पाण्याच्या आठव्या हिश्श्याइतके मीठ त्यात उतरले, की जंतूंना ते लोणचेच होते!

बिनमिठाचे लोणी फ्रीजमध्ये मी आठवड्याच्या वर ठेवीत नाही, खारे दोन आठवडे चालते. भांडे झाकणाचे आणि आरपार न दिसणारे असावे. उजेडाने लोणी खवट होते आणि शेजारच्या कांद्याचा वास चोरण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. अधिक दिवस ठेवावयाचे तर १०० ग्रॅमचे तुकडे बटर पेपरात गुंडाळून, डब्यात घालून खऱ्या फ्रीझरमध्ये ठेवावे. तेथे चार महिने काळजी नाही. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर महिन्याहून अधिक विसंबू नये. एकदा बाहेर काढलेला तुकडा पुन्हा गोठवू नये.

आणि ज्यांना फ्रीझरचा भरवसा नाही त्यांच्यासाठी आजीबाईंचा उपाय आहेच. मंद आचेवर कढवावे, विड्याचे पान टाकावे आणि कान देऊन ऐकावे. कडकड थांबली, बेरी सोनेरी झाली, की पाणी संपले. चांगल्या तुपात ओलावा शेकडा अर्ध्याहून जास्त नसतो. म्हणूनच कोरड्या बरणीत ते बाहेरही महिनोन्‌महिने टिकते.

तात्पर्य, स्वस्त क्रीम घेताना स्निग्धांश पाहावा आणि घरी आणल्यावर पाण्याशी वैर धरावे. आणखी एक नेम पाळावा. दुकानदाराने भाव उतरवला तो दिवस थोडे उरले म्हणून, तेव्हा खरेदी संध्याकाळी झाली तर घुसळण रात्रीच व्हावी, फार तर विरजून दुसऱ्या सकाळी. एवढे केले, की बेसनाच्या लाडवांना, चिरोट्यांच्या साट्याला आणि पाडव्याच्या गरम थालीपिठावरच्या गोळ्याला हात आखडता घ्यावा लागत नाही.