गाडीतला अँप्लिफायर आणि कानाचा फ्यूज

नवी गाडी दारात आली की पूजा होते, नारळ फुटतो आणि महिना-दोन महिन्यांत डिकीत मोठा अँप्लिफायर आणि बास बसवण्याची टूम निघते. आमच्या वाकड परिसरात ही हौस बरीच आहे. वाकडहून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकण गाठणाऱ्याचा रहदारीत किती वेळ जातो, हे ज्याचे त्याला ठाऊक. तेवढ्या वेळात गाणी ऐकली तर त्यात गैर काहीच नाही. परंतु कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून मला दोन गोष्टींची काळजी वाटते. पहिली तारेची आणि दुसरी कानाची.

तारेचा हिशेब

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिचा शॉक बसत नाही म्हणून लोक तिला निरुपद्रवी समजतात. हा समज चुकीचा आहे. ५०० वॅटचा साधा अँप्लिफायर पूर्ण जोराने वाजला तर बॅटरीकडून ६० ते ७० अँपिअर प्रवाह ओढू शकतो. एवढा प्रवाह बारीक तारेतून गेला तर तार तापते, वरचे प्लास्टिक वितळते आणि गालिच्याखाली आग धुमसू लागते.

म्हणूनच वीजपुरवठ्याची तार थेट बॅटरीपासून घ्यावी, ती जाड आणि शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण तेवढ्याच जाडीत ती कमी प्रवाह पेलते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर, फार तर हातभर अंतरावर हवा. फ्यूज अँप्लिफायरसाठी नसून तारेसाठी असतो. अपघातात तार पत्र्यावर घासली तर त्याने वितळून प्रवाह तोडायचा असतो. तो डिकीत बसवला तर मधली सगळी तार उघडीच राहिली. इंजिनाकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी बूच बसवलेच पाहिजे. गाडी सीएनजीची असेल, तर तार टाकीपासून व नळीपासून दूर न्यावी. विजेवरच्या गाडीतील नारिंगी तारांना तर हातच लावू नये.

काम सुरू करण्यापूर्वी अंगठी, कडे, घड्याळ काढावे. पाना आणि अंगठी एकाच वेळी बॅटरीला व पत्र्याला टेकली तर अंगठी क्षणात लाल होते आणि बोट भाजते. बॅटरीची ऋण तार आधी सोडावी आणि सर्वांत शेवटी जोडावी.

कानाला फ्यूज नाही

तारेला फ्यूज लावता येतो, कानाला लावता येत नाही. मोठा आवाज आला की मध्यकर्णातला एक चिमुकला स्नायू आवळतो आणि थोडा बचाव करतो. पण तो उशिरा आवळतो आणि लवकर थकतो. अंतर्कर्णात प्रत्येक बाजूला सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तासच सोसावा. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला अवघी १५ मिनिटे. काचा लावलेल्या गाडीत चांगला अँप्लिफायर १०० डेसिबल सहज गाठतो.

आपल्या पट्ट्यात याला आणखी एक पदर आहे. प्रेस शॉपमध्ये काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. ‘डॉक्टर, घरचे बोलतात ते ऐकू येते, पण शब्द लागत नाहीत,’ असे म्हणाला. तपासणीत ४ हजार हर्ट्झच्या आसपास आलेख खाली गेलेला होता. मोठ्या आवाजाने कान बिघडल्याची ही ओळखीची खूण. कारखान्यात तो इमानाने कानात बोळे घालत असे आणि सुटी झाली की ते काढून गाडीत बास लावत असे. दोष एकट्या गाडीचा, असे म्हणता येत नाही. परंतु कान पाळी संपली म्हणून हिशेब बंद करत नाही. दिवसभराचा आवाज आणि वाटेतला आवाज एकाच खात्यावर चढतात.

चांगली जोडणी, कमी आवाज

गंमत अशी की नीट जोडणी कानाचेही रक्षण करते. अर्थिंगची तार आखूड असावी आणि रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर घट्ट बसवावी. गाण्याची तार गाडीच्या एका बाजूने आणि विजेची दुसऱ्या बाजूने न्यावी. नाहीतर इंजिनाबरोबर चढणारी कुईकुई स्पीकरमधून येते आणि ती झाकायला माणूस आवाज वाढवतो. ‘गेन’ हे बटण आवाज वाढवण्याचे नव्हे, दोन यंत्रांचा मेळ घालण्याचे असते. ते पूर्ण पिळले की आवाज फाटतो.

माझा नियम सोपा आहे. शेजारच्याशी बोलताना ओरडावे लागले, तर आवाज जास्त आहे. रुग्णवाहिकेचा भोंगा आत ऐकू आलाच पाहिजे. मागच्या आसनावर लहान मूल असेल तर स्पीकर त्याच्या कानाशी असतो, हे विसरू नये. वस्तीतून जाताना शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे.

गाडीतून उतरल्यावर कानात गुंई वाजत असेल किंवा दडे बसल्यासारखे वाटत असेल, तर तो कानाचा इशारा समजावा आणि दोन दिवस कानांना पूर्ण विश्रांती द्यावी. गुंई थांबली नाही तर श्रवणतपासणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण उपचाराला उशीर झाला की गुण येण्याची शक्यता घटते. कानात गरम तेल मात्र मुळीच घालू नये. जळालेला फ्यूज दुकानात थोडक्या पैशांत मिळतो. केसपेशी कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.