पाणी कुठून आले, हे प्रवाळ सांगतात

१ नोव्हेंबर १९५२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील एनेवेटक या कंकणाकृती प्रवाळद्वीपावर जगातील पहिल्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. एलुगेलॅब नावाचे अख्खे बेट त्या स्फोटात नाहीसे झाले. १९४८ ते १९५८ या दहा वर्षांत एकट्या एनेवेटकवर ४३ अणुचाचण्या झाल्या. त्यांतून निघालेली किरणोत्सारी द्रव्ये आसपासच्या पाण्यात मिसळली आणि तिथे वाढणाऱ्या प्रवाळांनी ती आपल्या चुनखडी सांगाड्यात बंद करून टाकली.

पुढे डेव्हिड नटसन, रॉबर्ट बडमायर आणि स्टीफन स्मिथ या शास्त्रज्ञांनी तिथल्या प्रवाळांचे उभे काप घेऊन त्यांची क्ष-किरण चित्रे काढली. त्यांत एकाआड एक दाट आणि विरळ पट्टे दिसत होते. हे पट्टे वर्षाचे की आणखी कशाचे, हा प्रश्न होता. उत्तर बॉम्बनेच दिले. चाचण्यांच्या तारखा ठाऊक होत्या आणि किरणोत्सारी थर कोणत्या पट्ट्यात अडकले आहेत हेही दिसत होते. हिशेब जुळला: एक दाट आणि एक विरळ पट्टा मिळून एक वर्ष. १९७२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले आणि उष्ण कटिबंधातल्या समुद्राला वर्षवार कॅलेंडर मिळाले.

कॅलेंडर मिळाले, पण त्यावर लिहिलेले वाचायचे कसे? समुद्राच्या पाण्याचे पूर्वीचे तापमान प्रवाळातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून किंवा स्ट्रॉन्शियमच्या प्रमाणावरून काढता येते. मात्र तापमानाचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. एखाद्या वर्षी पाणी कोमट झाले, तर ते उन्हाने तापले, दुसरीकडून गरम पाणी वाहत आले की खालून वर येणारे थंड पाणी त्या वर्षी आलेच नाही? तिन्ही वेळा तापमापी तोच आकडा दाखवेल. कारण कळायचे तर पाणी मुळात कुठले, हे ठाऊक हवे. ते कार्बन-१४ सांगतो.

पाण्याचे वय

अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत न्यूट्रॉन सुटतात. ते नायट्रोजनच्या अणूंवर आदळले की कार्बन-१४ तयार होतो. हा किरणोत्सारी कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत पसरतो, झाडांत शिरतो, समुद्रात विरघळतो. त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो. याच घड्याळावर विलर्ड लिबी यांनी पुरातन वस्तूंचे वय काढण्याची पद्धत उभी केली आणि १९६० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हवेशी संपर्क आहे तोवर पाण्याला नवा कार्बन-१४ मिळत राहतो. पाणी खोल बुडाले की तो पुरवठा तुटतो आणि आतला साठा हळूहळू झिजू लागतो. म्हणून समुद्राच्या पाण्यालाही एक प्रकारचे वय असते. पृष्ठभागाचे पाणी हवेच्या तुलनेत सरासरी ४०० वर्षांनी ‘जुने’ भरते, कारण खालचे जुने पाणी त्यात सतत मिसळत असते. उत्तर प्रशांत महासागराच्या तळाजवळच्या पाण्याचे वय तर २,००० वर्षांच्या घरात जाते.

प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो. त्याच्या वजनाचा सुमारे १२ टक्के भाग कार्बन असतो आणि तो प्रामुख्याने भोवतालच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बनमधूनच येतो. प्रवाळाच्या जीवनक्रियेमुळे कार्बनच्या समस्थानिकांच्या प्रमाणात थोडा फरक पडतो खरा. पण सोबत कार्बन-१३ मोजला की तो फरक हिशेबातून वजा करता येतो. तापमान मोजणाऱ्या इतर खुणांना ही सोय नाही. कार्बन-१४ चे प्रमाण उतरले, तर त्या वर्षी खालचे जुने पाणी जास्त मिसळले. चढले, तर हवेत वावरलेले पाणी जास्त होते. वाचन असे सरळ आहे.

बॉम्बने सोडलेला रंग

१९५० च्या दशकात एक अडचण होती. पृष्ठभागाचे आणि थोड्या खोलीवरचे पाणी यांच्या कार्बन-१४ मध्ये नैसर्गिक फरक थोडा, त्यामुळे तो मोजणे कठीण. उघड्या हवेतल्या अणुचाचण्यांनी ही अडचण दूर केली. स्फोटांतून बाहेर पडलेल्या न्यूट्रॉनांनी हवेत इतका कार्बन-१४ निर्माण केला की १९६३-६४ च्या सुमारास उत्तर गोलार्धाच्या हवेतले त्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार केला. त्यानंतर हवेतला हा जादा साठा समुद्रात आणि झाडाझुडपांत मुरू लागला. पाझर कुठून येतो ते शोधायला पाण्यात रंग सोडावा, तसे हे झाले. फरक इतकाच, की हा रंग साऱ्या जगाच्या समुद्रात एकदम पडला आणि कोणी तो त्या हेतूने सोडला नव्हता.

हा रंग प्रवाळांत वर्षवार वाचणाऱ्यांत एलन ड्रुफेल यांचे नाव आघाडीवर आहे. कॅलिफोर्नियातील ला होया इथल्या हान्स स्यूस यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी सुरुवात केली आणि १९७८ साली लिनिक यांच्यासह फ्लोरिडाच्या प्रवाळांतील वार्षिक पट्ट्यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. फ्लोरिडाच्या समुद्रात कार्बन-१४ ची पातळी १९५० च्या दशकात प्रमाणकाच्या, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या पातळीच्या, हजारी सुमारे ६० ने खाली होती. १९७० च्या दशकात ती हजारी दीडशेहून अधिक वर गेली. म्हणजे हवेने शिखर गाठल्यानंतर समुद्राला आपले शिखर गाठायला जवळपास दहा वर्षे लागली.

१९८१ मध्ये ड्रुफेल यांनी विषुववृत्तावरच्या गालापागोस बेटांजवळच्या प्रवाळांची अशीच नोंद मांडली. तिथला चढ फ्लोरिडाच्या मानाने फारच थोडा होता. हवा तीच, बॉम्बही तेच, मग फरक कशाचा? पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे विषुववृत्तावरचे पृष्ठजल पश्चिमेकडे लोटतात आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. हे पाणी बॉम्बच्या कार्बनपासून दूर राहिलेले, म्हणून वरच्या पाण्यात मिसळून तो पातळ करणारे. एल निनोच्या वर्षी वारे मंदावतात, खालचे पाणी कमी येते आणि प्रवाळातला कार्बन-१४ वर चढतो. हे वर येणारे पाणी मुळात कुठले, याचा शोध टॉगवायलर, डिक्सन आणि ब्रोकर या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये घेतला. त्यांच्या मते पेरूच्या किनाऱ्याजवळ वर येणाऱ्या पाण्याचा उगम हजारो किलोमीटर दक्षिणेला, अंटार्क्टिकाभोवतीच्या थंड पट्ट्याच्या कडेला आहे.

१९७६ साली काय झाले?

जुन्या पद्धतीने एक मोजमाप करायला कित्येक ग्रॅम नमुना लागे. त्यामुळे वर्षाला एकच आकडा मिळायचा आणि ऋतूंमधला फरक त्यात बुडून जायचा. अणू थेट मोजणारी ‘ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्री’ आल्यावर दहा मिलिग्रॅमच्या आसपास भुकटी पुरेशी झाली. प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. दर मिलिमीटरला बारीक ड्रिलने भुकटी काढली, तर साधारण महिन्याची नोंद हाती येते.

टॉम गिल्डर्सन आणि डॅनियल श्राग यांनी गालापागोसचा प्रवाळ असा बारकाईने वाचला. दरवर्षी जुलै ते सप्टेंबर या काळात तिथे खालचे पाणी सर्वाधिक वर येते आणि कार्बन-१४ सर्वांत खाली जातो. १९७६ च्या एल निनोनंतर हा तळ अचानक वर उचलला गेला आणि मग तसाच राहिला. त्याच ऋतूतील पृष्ठभागाचे तापमानही त्याच वेळी वाढले. ऊन किंवा हवा यांमुळे नुसते पाणी तापले असते, तर कार्बन-१४ ला हलायचे कारण नव्हते. दोन्ही बदल एकाच वेळी झाले, याचा अर्थ पूर्व प्रशांत महासागराची खाली-वरची रचनाच बदलली होती. १९९८ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधात त्यांनी पुढची शक्यताही मांडली: १९७६ नंतर एल निनो वारंवार आणि तीव्र होण्यामागे हाच बदल असू शकेल.

महाराष्ट्रातल्या वाचकाला एल निनो हा शब्द नवा नाही. जून उलटून पाऊस आला नाही की पहिली चर्चा त्याचीच होते. पण आपल्याकडे ही चर्चा प्रशांत महासागर किती अंशांनी तापला इथेच थांबते. तो का तापला हे समजल्याखेरीज पुढच्या दशकांत काय होईल याचा अंदाज बांधता येत नाही. महासागराची जी संगणकीय प्रारूपे हा अंदाज देतात, त्यांची परीक्षाही याच नोंदींवर घेतली जाते. प्रारूपाने दाखवलेला बॉम्ब-कार्बनचा प्रवास प्रवाळांशी जुळला नाही, तर त्यातले पाणी चुकीच्या वाटेने वाहते आहे असे समजायचे.

प्रशांत महासागरातून हिंदी महासागरात येणारा प्रवाहही असाच तपासला गेला. इंडोनेशियाच्या बेटांमधून दर सेकंदाला सुमारे दीड कोटी घनमीटर पाणी इकडे येते. उत्तर आणि दक्षिण प्रशांताच्या पाण्यातील कार्बन-१४ ची पातळी वेगळी आहे. तिथल्या मकासर सामुद्रधुनीजवळच्या प्रवाळांनी हे पाणी मुख्यतः उत्तर प्रशांतातले असल्याचे दाखवले.

ठाण्याचा साग, कच्छचा प्रवाळ

या विज्ञानात एक धागा थेट महाराष्ट्रातला आहे. सुप्रियो चक्रवर्ती, आर. रमेश आणि एस. कृष्णस्वामी यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन नोंदी शेजारी ठेवल्या. एक कच्छच्या आखातातल्या सुमारे ४० वर्षांच्या प्रवाळाची, दुसरी ठाण्याच्या सागवानाच्या वार्षिक वलयांची. साग हवेतला कार्बन नोंदवतो, प्रवाळ पाण्यातला. सागाच्या वलयांत बॉम्ब-कार्बनचे शिखर १९६४ साली येते, प्रमाणकापेक्षा हजारी सुमारे ६३० ने वर. उत्तर गोलार्धाच्या सरासरी हवेत हाच आकडा हजारी १,००० च्या जवळ होता. हवेतून आखातात किती कार्बन शिरतो आणि मोकळ्या अरबी समुद्राचे पाणी त्यात किती मिसळते, याचा हिशेब संशोधकांनी या दोन नोंदींच्या फरकावरून मांडला. ठाण्याच्या एका झाडाशिवाय तो मांडता आला नसता.

जुन्या शतकांकडे

बॉम्बच्या आधीचा काळ वाचणे कठीण, पण अशक्य नाही. ड्रुफेल आणि शीला ग्रिफिन यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधील एका प्रवाळ-वसाहतीची १६३५ ते १९५७ अशी ३२३ वर्षांची नोंद १९९३ मध्ये मांडली. माणसाने काही ढवळाढवळ करण्याच्या आधीही नैर्ऋत्य प्रशांतातला कार्बन-१४ मोठे हेलकावे खात होता. तिथे मिसळणारे पाणी वर्षावर्षाला बदलत होते, असा त्याचा अर्थ.

त्याहून मागे जायचे तर मृत प्रवाळ हाताशी असतात. त्यांचे खरे वय युरेनियम आणि थोरियमच्या प्रमाणावरून निघते. मग कार्बन-१४ ने काढलेले वय त्याशेजारी ठेवायचे. एदुआर बार आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये बार्बाडोसच्या प्रवाळांवर हे केले तेव्हा २०,००० वर्षांपूर्वीच्या नमुन्यांत दोन वयांमध्ये सुमारे ३,५०० वर्षांचा फरक निघाला. त्या काळी हवेतच कार्बन-१४ जास्त होता. या फरकातला हवेचा वाटा किती आणि महासागराच्या मंदावलेल्या अभिसरणाचा किती, हे वेगळे काढणे हे आजही या क्षेत्रातले अवघड काम आहे. शिवाय एक प्रवाळ एकाच जागेचे सांगतो. संपूर्ण समुद्राविषयी बोलायचे तर अनेक ठिकाणच्या नोंदी हव्यात.

त्या मिळवायला फार वेळ उरलेला नाही. कोळसा आणि खनिज तेल लाखो-कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेले, त्यांत कार्बन-१४ शून्य. ते जाळून आपण हवेतला कार्बन-१४ इतका पातळ केला आहे की बॉम्बमुळे आलेली वाढ गेल्या काही वर्षांत जवळपास पुसली गेली. दुसरीकडे प्रवाळच मरत आहेत. १९८२-८३ च्या एल निनोने गालापागोसचे ९५ टक्क्यांहून अधिक प्रवाळ मारले. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातील चौथ्या प्रवाळ-विरंजनाची, म्हणजे तापलेल्या पाण्यात प्रवाळ पांढरे पडण्याची, अधिकृत घोषणा झाली. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा लगेच नाहीसा होत नाही, पण लाटा आणि त्यात घर करणारे जीव तो पोखरून काढतात.

हिंदी महासागरातून आलेल्या अशा नोंदी प्रशांत महासागराच्या मानाने थोड्या आहेत, आणि आपला मान्सून याच महासागरावर जगतो. लक्षद्वीप आणि अंदमानचे प्रवाळ आपल्याकडे आहेत. दिल्लीचे इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा इथे कार्बन-१४ मोजणारी यंत्रे आहेत. प्रवाळ शाबूत आहेत तोवर त्यांचे नमुने काढून जपणे आणि वाचणे हे भारताने प्राधान्याने करायचे काम आहे. ते लांबवले, तर नंतर यंत्रे असतील, पण वाचायला काही उरलेले नसेल.