पोराने काय गिळलं?

३१ जानेवारी २०२१, पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या १२ मुलांच्या तोंडात लशीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पडले. मुलांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवलं आणि ती सुखरूप राहिली. देशभर गाजलं ते चूक कोणाची यावरून. उपचाराच्या बाजूने मात्र तिथे एक गोष्ट मोलाची ठरण्यासारखी होती. काय पोटात गेलं, किती गेलं आणि केव्हा गेलं, हे तिन्ही ठाऊक होतं. सॅनिटायझर म्हणजे मुख्यतः अल्कोहोल. लहान मुलात त्याने गुंगी येते, रक्तातली साखर घसरते. म्हणजे लक्ष कशावर ठेवायचं ते ठरलेलं.

घरात असं घडतं तेव्हा यातलं काहीच धड ठाऊक नसतं. पोर रडतंय, लाळ गळतेय, घास खाली जात नाही, एवढंच दिसतं. याच जिल्ह्यातल्या आर्णीहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, आसपासच्या खेड्यांतून त्याहून जास्त. म्हणून कशासाठी तडक निघायचं आणि कशासाठी थोडं थांबता येतं, हे आधीच कळलेलं बरं.

मुलं सर्वात जास्त गिळतात ती नाणी. नाणं जठरात उतरलं की बहुतेक वेळा काही दिवसांत शौचावाटे पडतं. अडकतं ते अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला, गळ्याच्या खाली. म्हणून मूल हसत-खेळत असलं तरी एक्स-रे हवाच. नाणं अन्ननलिकेत असेल पण त्रास नसेल, तर डॉक्टर काही तास वाट पाहून पुन्हा फोटो काढतात. लाळ गळत असेल, श्वासाला अडचण असेल, तर भूल देऊन दुर्बिणीतून काढतात. नाणं खाली जावं म्हणून केळी किंवा भाताचे गोळे भरवू नयेत. त्याने नाणं तर सरकत नाहीच, भूल देताना पोट भरलेलं असल्याचा धोका मात्र वाढतो.

आता नाण्यासारखाच दिसणारा, पण खरा वैरी. रिमोट, वजनकाटा, दिव्यांची खेळणी यांतला चपटा बटन सेल. साधारण २० मिलिमीटरचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या अस्तरातून वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. सेल फुटावा लागत नाही. दोन तासांत भाजणं सुरू होतं, पुढे भोकही पडू शकतं. एक्स-रेमध्ये त्याच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं. नाण्याला ते नसतं. हे वर्तुळ दिसलं की उद्यावर ढकलायचं नाही, मूल उपाशी आहे की नाही याचाही विचार करत बसायचं नाही. सेल निघाल्यावरही धोका टळत नाही. आतली जखम काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचते, म्हणून रक्ताची उलटी किंवा काळी शौच दिसली तर पुन्हा धावावं लागतं.

इथे घरातला एक उपाय खरोखर उपयोगी आहे: मध. फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगातून दाखवलं की मधाने सेलच्या भाजण्याचा जोर कमी होतो. मूल एक वर्षावरचं असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, सहा वेळांपर्यंत. तो वाटेत, गाडीत द्यायचा. मध शोधण्यासाठी निघायला उशीर करायचा नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नको.

खेळण्यातली छोटी लोहचुंबकंही अशीच घातक. दोन गिळली गेली तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना धरतात आणि मधली भिंत चिरडते.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड, कॉस्टिक सोडा किंवा रॉकेल पोटात गेलं तर उलटी करवायला आपल्याकडे पहिला हात जातो मिठाच्या पाण्याकडे. ते देऊ नये. उलटीबरोबर दाहक द्रव वर येतो आणि अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. रॉकेल असेल तर ते फुफ्फुसात उतरतं. अल्कली मारायला लिंबू पाजणंही चूक, कारण त्या मिश्रणातून उष्णता निघते. तोंड पुसावं, चूळ भरता येत असेल तर भरू द्यावी, १०८ ला फोन करावा आणि मूळ बाटली सोबत घ्यावी.

पण मूळ बाटली असते कुठे? अ‍ॅसिड सुटं मिळतं, पाण्याच्या जुन्या बाटलीत. फवारणीचं उरलेलं औषधही कधी तसंच कोनाड्यात उभं असतं. तहानलेल्या पोराला ती पाण्याचीच बाटली वाटते. अमेरिकेत घशाचे डॉक्टर शेव्हेलियर जॅक्सन यांनी कॉस्टिकने अन्ननलिका बंद झालेली मुलं वर्षानुवर्षं पाहिली आणि डब्यावर ‘विष’ लिहिण्याची सक्ती व्हावी म्हणून ते झगडले. १९२७ मध्ये तसा कायदा झाला. शतक उलटत आलं, आणि आपल्या दारावर आजही अ‍ॅसिड बिननावाचं येतं. मला हे सहन होण्यापलीकडचं वाटतं.

दाहक द्रवानंतर आत किती भाजलंय, हे ओठांवरून कळत नाही. गरज वाटली तर पहिल्या दिवसा-दोन दिवसांत दुर्बिणीने पाहतात. जखम भरताना अन्ननलिका आकसते आणि साधारण तिसऱ्या आठवड्यापासून आधी भाकरी, मग वरण-भात, शेवटी पाणीही अडू लागतं. तोवर मूल बरं झालं म्हणून घरच्यांनी दवाखाना सोडलेला असतो. अरुंद झालेली नळी फुग्याने किंवा सळईने रुंद करता येते, पण ते पुन्हा पुन्हा, कधी वर्षभर करावं लागतं. म्हणून घरी सोडताना दिलेली तपासणीची तारीख, पोर व्यवस्थित जेवत असलं तरी, चुकवायची नाही.